ब्रेकचे आठ दिवस

मला माझ्या सरांनी फसवलं. जपानी ऑफिसने नाही, सरकारी नियमाने नाही, नशिबाने तर अजिबात नाही. सरांनी. हे आधीच सांगून टाकतो, कारण हा विषय निघाला की जपानमधल्या आमच्या ग्योतोकुतली मराठी माणसं "दोन्ही बाजूंचं थोडं थोडं असतं" असं म्हणून चहा ओतायला लागतात. दोन बाजू असत्या तर मी दोन्ही सांगितल्या असत्या. मी घासाघीस करून वर आलेला माणूस आहे. समोरच्याची बाजू मला त्याच्याआधी कळते.

मी आमच्या जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयात लॅब टेक्निशियन होतो. प्रयोगशाळा आणि रक्तपेढी एकाच लांबट दालनात होती आणि सर त्या दोन्हींचे प्रमुख होते. एमडी झालेले, हुशार, हाताखालच्या माणसाशी हसून बोलणारे. मी कंत्राटी. अकरा महिन्यांची ऑर्डर निघायची. बारावा महिना पुरा होऊ द्यायचा नाही, कारण सलग वर्षं भरत गेली की माणूस 'मला कायम करा' म्हणून कोर्टात जातो. म्हणून अकरा महिने झाले की एक दिवस ब्रेक आणि दुसऱ्या दिवसापासून नवी ऑर्डर. त्या एका दिवशी तुम्ही नोकरीत नसता. मस्टरवर तुमच्या नावापुढे काही नसतं. पगार नसतो.

पण रक्त लागणारी बाई ब्रेक बघून बाळंत होत नाही. आदल्या दिवशी संध्याकाळी सर टेबलावर बोटं वाजवत म्हणायचे, "उद्या ब्रेक आहे ना तुझा? ये हं मात्र. नेहमीच्या वेळेला." मी जायचो. मस्टरवर सही न करता कोट चढवायचो, नमुने घ्यायचो, द्यायचं रक्त रोग्याच्या रक्ताशी जुळवायचो, रिपोर्ट लिहायचो. खाली सही सरांची. अशा नऊ ऑर्डरी झाल्या, म्हणजे आठ ब्रेक. आठही दिवस मी तिथे होतो. आठ वर्षं आणि वर तीन महिने.

यातल्या पाचव्या ब्रेकच्या दिवशी मला सुई टोचली. एका रोग्याचं रक्त काढून सुई काढताना त्याने हात झटकला आणि ती माझ्या अंगठ्यात गेली. रोगी एचआयव्हीचा होता, त्याच्या कागदावर लिहिलेलं होतं. मी अंगठा नळाखाली धरून सरांना हाक मारली. अशा वेळी रजिस्टरला नोंद करायची आणि तीन दिवसांच्या आत गोळ्या सुरू करायच्या, हे त्यांनीच आम्हाला शिकवलं होतं. सर आले, अंगठा बघितला, दार लोटून घेतलं आणि अगदी शांतपणे म्हणाले, "आज तू इथे नाहीयेस. नोंद कुणाच्या नावाने करू?"

नोंद झाली नाही, गोळ्या मिळाल्या नाहीत. बाहेरून विकत घ्यायची माझी ऐपत नव्हती आणि मागितल्या तर नोकरी जाईल असं मला वाटत होतं. सहा महिने मी दुसऱ्या तालुक्यात जाऊन खोट्या नावाने तपासण्या केल्या. बायकोला काही सांगितलं नाही. पाठ दुखते म्हणून बाहेरच्या खोलीत निजायला लागलो. शेवटची तपासणी निगेटिव्ह आली, त्या दिवशी सरांना सांगितलं. ते म्हणाले, "बघ, उगाच गवगवा केला असतास."

तरी याच माणसाच्या बोलावण्यावरून मी जपानला आलो. का आलास, असं लोक विचारतात. पगार चांगला होता म्हणून आलो. राग होता, तो विकून टाकला. मला वाटलं होतं, चांगला भाव आला.

सर २०११च्या मोठ्या भूकंपाच्या आधीच इकडे आले होते. कोतोतल्या एका सार्वजनिक वैद्यकीय संशोधन संस्थेत त्यांना संशोधकाची जागा मिळाली होती. भूकंप झाला, किरणोत्साराच्या बातम्या यायला लागल्या, तेव्हा त्यांच्या हाताखालचे दोन परदेशी टेक्निशियन आपापल्या देशात निघून गेले ते परत आलेच नाहीत. दीड वर्षाने सरांचा मला फोन आला. मी तेव्हा सरकारी नोकरी सोडून स्वतःची छोटी लॅब चालवत होतो. सर म्हणाले, "इथे सध्या माणूस मिळत नाहीये. आत्ता मागशील ते देतील. अनुभवाची वर्षं पकडून पगार ठरतो, तेवढी सगळी लाव."

मी लावली. पहिल्यांदा ऑफिसवाले माझा भारतातला अनुभव धरायलाच तयार नव्हते. मी कळवलं, मग येत नाही. तीन आठवडे गप्प बसलो. चौथ्या आठवड्यात ते सरकारी आठ वर्षं पूर्ण धरायला तयार झाले. आजही ती घासाघीस आठवली की बरं वाटतं.

अनुभवाचा दाखला मराठीत होता, नऊ ऑर्डरींच्या तारखा एकाखाली एक. त्याचं जपानी भाषांतर सरांनी केलं. मला पाठवलं तेव्हा मी पाहिलं की त्यात दोनच तारखा आहेत, पहिल्या ऑर्डरीची पहिली आणि शेवटच्या ऑर्डरीची शेवटची. फोन करून विचारलं.

"सर, मधले ब्रेक?"

"अरे, ब्रेक म्हणजे काय ते जपान्यांना समजावत बसू? इथे असला प्रकार नसतो. तू होतास ना आठ वर्षं?"

"होतो."

"मग झालं तर."

मी गप्प बसलो. माझा दोष तेवढाच आहे आणि तो मी कुणापासून लपवलेला नाही. मला खोटं वाटलं नाही, कारण ते खोटं नव्हतंच. खरं तर त्या मराठी दाखल्यातच खोटं होतं.

चार वर्षं मी मेणाच्या ठोकळ्यांत बसवलेले मांसाचे तुकडे केसापेक्षा पातळ कापून काचेवर चढवत होतो. सकाळी तोझाई लाइनच्या ट्रेनने जायचो, संध्याकाळी यायचो. कामात कुणाला बोट ठेवायला जागा नव्हती. मग मुदत नसलेल्या, म्हणजे कायमच्या नेमणुकीसाठी अर्ज मागवले आणि मी अर्ज केला. आयुष्यात पहिल्यांदाच मला कायम होण्यासाठी नुसता अर्ज करता येत होता. कायम करताना सगळी मूळ कागदपत्रं बाहेरच्या एजन्सीकडून नव्याने भाषांतर करून घेतात, हे मला माहीत नव्हतं. सरांना माहीत होतं. त्यांनी मला सावध केलं नाही.

हिशेब विभागातल्या मुलीने मला बोलावलं. तिशीच्या आतली, इंग्रजी हळूहळू पण नीट बोलणारी. तिने दोन्ही भाषांतरं शेजारी शेजारी ठेवली. नव्या भाषांतरावर पेन्सिलीने आठ बारीक खुणा होत्या.

"या आठ दिवशी तुम्ही कुठे होतात?"

"तिथेच. रुग्णालयात."

"पण नेमणूक नव्हती."

"नव्हती."

"पगार?"

"नव्हता."

ती पेन्सिल खाली ठेवून म्हणाली, "नेमणूक नाही, पगार नाही, तरी कामावर होतात? कृपया मला समजावून सांगा."

मला ते समजावता आलं नाही. आपल्याकडे त्यात समजावण्यासारखं काही नसतं. तिने मग मला त्यांचा नियम समजावला. मध्ये एक दिवस जरी खंड पडला तरी पुढची नोकरी वेगळी धरायची. वर्षाच्या आतली नोकरी असेल तर तिचा काळ अर्ध्याने मोजायचा. माझी एक नोकरी नव्हती, नऊ नोकऱ्या होत्या. एकही वर्षाची नाही. म्हणजे आठ वर्षांची चार झाली. चार वर्षं मला जास्त पगार दिला गेला होता आणि तो परत करायचा होता. सोळा लाख येनच्या वर आकडा होता. शिवाय शिमात्सुशो लिहून द्यायचं, म्हणजे चूक कबूल करून माफी मागणारं पत्र. 'नोकरीतले खंड मी लपवले' हे वाक्य त्यात असायला हवं होतं.

मी त्या मुलीवर ओरडलो. मराठीत, हिंदीत, येईल त्या जपानीत. ती उभी राहिली आणि कमरेत वाकली. मी ओरडत राहिलो, ती वाकलेली राहिली. शेजारच्या टेबलांवरची माणसं स्क्रीनकडे बघत होती. ती सरळ झाली तेव्हा तिचे डोळे लाल होते आणि मला त्याचं काही वाटलं नाही. मी म्हटलं, "चार वर्षांत दिलेत ना, मग चार वर्षांत घ्या. महिन्याला जेवढे जास्त दिले तेवढेच कापा." ते बारा हप्त्यांत मागत होते. दोन आठवड्यांनी माझं म्हणणं मान्य झालं. पैशांची बाजू तिथे संपली. पैसे मी कमावतो, देतो, परत कमावतो. पण ते पत्र लिहिलं असतं तर फाइलमध्ये मी कायमचा लबाड. आणि नाही लिहिलं तर कायमची नेमणूक नाही.

मग तीच मुलगी एक दिवस आमच्या प्रयोगशाळेत आली. दारातूनच म्हणाली, "मी नियम पुन्हा वाचला. त्या वेळचे तुमचे वरिष्ठ जर लिहून देतील की त्या आठ दिवशीही तुम्ही त्यांच्या सांगण्यावरून काम केलंत, तर नोकरी सलग धरता येते. मग जास्तीचा पगारच नाही आणि पत्रही नको. पण तुमचे त्या वेळचे वरिष्ठ आता कुठे असतील?"

मी बोट वर केलं. "तिसऱ्या मजल्यावर."

ती खूप वेळाने हसली.

रविवारी मी एदोगावाला सरांच्या घरी गेलो. सोबत बायको होती. वहिनींनी पोहे केले होते, वर डाळिंबाचे दाणे. सरांनी सगळं ऐकून घेतलं आणि बशीतला एकेक दाणा चमच्याने बाजूला करत म्हणाले, "त्यापेक्षा ते पत्र लिहून टाक ना. इथे सगळेच लिहितात. उशिरा आलं तरी लिहितात. नुसता कागद असतो."

"सर, मग तुम्ही लिहा. तुमचाही नुसता कागद."

"तसं नाही. माझी विभागप्रमुखपदाची चर्चा चालू आहे. मी असं लिहिलं तर अर्थ काय होतो? की मी माणसाला बिनपगारी राबवलं. इथे हे फार मोठं धरतात."

"राबवलंत की."

वहिनी मध्येच म्हणाल्या, "भाऊजी, पोहे गार होतायत. आणि जुन्या गोष्टी किती दिवस उगाळायच्या? सरांनी तुम्हाला इथपर्यंत आणलं, ते नाही का धरायचं?"

"वहिनी, विमानाचं तिकीट मी काढलं होतं."

सर हसले. "बघ, याचा हा स्वभाव. प्रत्येक गोष्टीचा भाव करायचा." मग माझ्या बायकोकडे वळून म्हणाले, "तुम्ही समजवा याला." तिने माझी बशी माझ्यापुढे सरकवली.

निघताना दारात बूट घालत मी एकदा शेवटचं विचारलं, "एक ओळ, सर. 'हा माझ्या सांगण्यावरून येत होता.' एवढंच."

"बघतो," म्हणाले.

त्यांनी बघितलं. मंगळवारी ऑफिसने मला सरांचं निवेदन दाखवलं. एक पान, व्यवस्थित, सहीशिक्क्यासह. सदर कर्मचाऱ्याने तोंडी सांगितलेल्या तारखांवरून भाषांतर केलं, मूळ दाखला तेव्हा समोर नव्हता, खंडांची आपल्याला कल्पना नव्हती, आणि नेमणूक नसलेल्या कुठल्याही दिवशी तो आपल्याकडे कामावर नव्हता. ज्या दाखल्यावर त्या वेळचे प्रमुख म्हणून सरांचीच सही आहे, त्याच्याबद्दल! मी ऑफिसला ती सही दाखवली. ते म्हणाले, "सही अनेक कागदांवर होते, सगळं लक्षात राहत नाही." सरांनीच त्यांना तसं सांगितलं होतं.

मी स्वस्थ बसणारा नाही. गावी माहिती अधिकारात अर्ज टाकला. त्या आठ तारखांच्या रक्तपेढीच्या रजिस्टरांच्या प्रती द्या. त्या पानांवर माझं अक्षर होतं. अडीच महिन्यांनी उत्तर आलं, 'सदर अभिलेख विहित मुदतीनंतर नष्ट करण्यात आलेले आहेत.' वॉर्डातल्या एका जुन्या सहकाऱ्याला फोन केला. तो म्हणाला, "तू यायचास ते सगळ्यांना माहिती आहे रे, पण लिहून नको मागू. मी पण ब्रेकवालाच आहे अजून." आता उरले फक्त सर.

ते विभागप्रमुख झाले. आमच्या मराठी मंडळाने कोतोतल्या एका सभागृहात दुपारी त्यांचा सत्कार ठेवला. साठेक माणसं होती. मला 'जुना विद्यार्थी' म्हणून दोन शब्द बोलायला सांगितलं, कारण आमचं काय चाललंय ते कुणाला माहीत नव्हतं. बायको म्हणाली, "अहो, नका बोलू." मी म्हटलं, "चांगलंच बोलणार आहे."

मी उभा राहिलो आणि सरळ सांगायला सुरुवात केली. ब्रेक काय असतो. आदल्या संध्याकाळी सर काय म्हणायचे. मस्टरवर सही नाही, पण रिपोर्टवर माझं अक्षर. लोक हसायला लागले. त्यांना वाटलं, मी जुन्या दिवसांची गंमत सांगतोय. पहिल्या रांगेतून कुणीतरी ओरडलं, "म्हणजे सुट्टीच्या दिवशीही सुट्टी नाही!" टाळ्या पडल्या. सर स्टेजवर बसल्या बसल्या हसत हात हलवून म्हणाले, "मी बोलावत नव्हतो हो! यालाच घरी करमायचं नाही."

सभागृह हसून लोळलं. साठ माणसांसमोर त्यांनी ते नाकारलं, आणि साठ माणसांनी टाळ्या वाजवून त्याला साक्ष दिली.

मग मी सुईचं सांगितलं. अंगठा वर करून दाखवला. रोगी कोण होता, दार कुणी लोटलं, 'आज तू इथे नाहीयेस' कोण म्हणालं, सगळं. हसू पुढच्या रांगेत थांबलं, मग मागे थांबलं. मला त्यात आनंद झाला, खोटं कशाला बोलू. सरांच्या गळ्यात हार होता, त्यांना तो काढताही येईना. वहिनी उठून बाहेर गेल्या. मी म्हटलं, "सर, करमत नव्हतं म्हणून टोचून घेतली का मी?" मंडळाच्या अध्यक्षाने माझ्या हातातून माइक काढून घेतला आणि जेवणाची घोषणा केली. माणसं रांगेत उभी राहून पुरणपोळी घ्यायला लागली.

मी फक्त सरांकडे बघत होतो. बायकोकडे बघायला विसरलो. तिला सुईचं माहीत नव्हतं. इतक्या वर्षांत कधी सांगितलंच नव्हतं, आणि सांगितलं ते माइकवरून.

परतताना ट्रेनमध्ये आम्ही शेजारी बसलो होतो. नदीवरचा पूल गेल्यावर ती म्हणाली, "ते सहा महिने. पाठ दुखायची ते."

"हो."

"मला वाटलं होतं, तुमचं बाहेर कुठे काही आहे."

ती पुढे बोलत राहिली.

"मी आईकडे निघून जाणार होते. बॅग भरून ठेवली होती. धाकटीला ताप आला म्हणून राहिले." मग म्हणाली, "तुम्हाला मला सांगता नाही आलं, आणि त्या माणसाच्या बोलावण्यावरून इथे आलात."

त्यानंतर तिने तो विषय काढलेला नाही. घरात बोलणं सगळं होतं, धाकटीच्या शाळेचं, कचऱ्याच्या पिशव्यांचं, कुठल्या दिवशी काय टाकायचं त्याचं. ती पाठ करून निजते. तिची पाठ दुखत नाही.

मंडळाने आम्हाला कार्यक्रमाचे मेसेज पाठवणं बंद केलं. मी शिमात्सुशो लिहिलं नाही. कायमची नेमणूक मिळाली नाही. ऑफिसने कारण लिहून कळवलं, 'पूर्वीच्या नोकरीच्या माहितीबाबत खात्री नाही.' एक वर्षाची मुदत मिळाली. ती मुलगी, जिच्यावर मी ओरडलो होतो, तिची बदली झाली. जाण्याआधी तिने माझ्या फाइलला एक चिठ्ठी लावली होती, नव्या कारकुनाने मला दाखवली. 'वरिष्ठांचं पत्र आल्यास प्रकरण पुन्हा उघडता येईल.' सगळ्या भानगडीत एवढा एकच कागद कुणीतरी माझ्या बाजूने लिहिला आणि तिची मी अजून माफी मागितलेली नाही.

दर महिन्याला पगारातून रक्कम कापली जाते. ती जाऊ दे. माझी मुदत मार्चला संपते, तोपर्यंत ते प्रकरण उघडं आहे.

म्हणून सर, इथे लिहून विचारतो, कारण तिसऱ्या मजल्यावर विचारलं की तुम्ही मीटिंगला गेलेले असता. त्या आठ दिवशी मी कामावर नव्हतो, असं तुम्ही लिहून दिलंत. ठीक. मग त्या दिवशी रक्त कुणी जुळवलं? प्रयोगशाळेत रक्त जुळवणारा दुसरा टेक्निशियन नव्हता. बाटल्या वॉर्डात गेल्या, माणसांना चढल्या, रिपोर्टांच्या खाली सही तुमची होती. मी नव्हतो, तर न जुळवलेल्या रक्तावर तुम्ही सही केलीत. मी होतो, तर तुमचं निवेदन खोटं आहे. दोन्हींपैकी कुठलं ते सांगा. तोंडी नको, हसत नको. ऑफिसच्या कागदावर, जपानीत, तारीख घालून, सही करून सांगा.